सातशे रुपयांचा लॉजिक अ‍ॅनालायझर आणि कोणी वाटच न पाहिलेला बिट

बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत, एका जिन्याखालच्या दुकानातून ही काळी डबी घेतली त्याला आता वर्ष होऊन गेलं. तारांवरचे शून्य आणि एक टिपून लॅपटॉपवर दाखवणारा, आठ चॅनेल, २४ मेगाहर्ट्झ, यूएसबीवर चालणारा लॉजिक अ‍ॅनालायझर. सातशे रुपये पडले. वर कुठल्याही कंपनीचं नाव नाही, खोक्यावर नाही, बिलावरही नाही. तेव्हापासून जवळजवळ रोज ती माझ्या टेबलावर असते. दोनदा नाशिकला जाऊन आली आहे. त्यामुळे हे पहिल्या आठवड्यातलं कौतुक नाही. ज्यांना मायक्रोकंट्रोलरवर (एका चिपमधल्या छोट्या संगणकावर) ड्रायव्हर लिहावे लागतात, त्यातही ज्यांचा ड्रायव्हर "कधीतरी अचानक गप्प होतो", त्यांच्यासाठी मी हे सविस्तर लिहितेय.

आधी वस्तू काय आहे ते. काडेपेटीपेक्षा जरा मोठी डबी, एका बाजूला मिनी यूएसबीचं तोंड, दुसऱ्या बाजूला दहा पिना: आठ चॅनेल आणि दोन ग्राउंड किंवा क्लॉक, नगानुसार बदलतं. आत सायप्रसची एफएक्स२एलपी ही यूएसबी चिप आणि तिच्यापुढे एक बफर आयसी. स्वतःची मेमरी नाही. पिनांवर जे दिसेल ते जसंच्या तसं लॅपटॉपकडे ओतायचं, एवढंच तिचं काम. २४ मेगाहर्ट्झवर आठ चॅनेल म्हणजे सेकंदाला २४ मेगाबाइट. यूएसबी २.० ला ते जेमतेम झेपतं, आणि त्याच पोर्टच्या हबवर वेबकॅम किंवा हार्डडिस्क असेल तर झेपत नाही. लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर मधेच थांबतं. डबी थेट लॅपटॉपच्या पोर्टात लावा आणि गरज नसेल तर १२ मेगाहर्ट्झवरच चालवा. मी बहुतेक काम १२वरच करते.

सॉफ्टवेअर सिगरॉक प्रकल्पाचं पल्सव्ह्यू. मुक्त आहे, फुकट आहे आणि खरोखर चांगलं आहे. डबीत फर्मवेअर (चिपच्या आत चालणारा प्रोग्राम) कायमचं राहत नाही. दर वेळी जोडल्यावर सिगरॉक स्वतःचं मुक्त फर्मवेअर तिच्या रॅममध्ये चढवतो, मग ती ओळखली जाते. विंडोजवर एकदा झाडिग नावाचं साधन चालवून विनयूएसबी ड्रायव्हर बसवावा लागतो. लिनक्सवर यूडेवचा (उपकरणांच्या परवानग्यांचा) नियम टाकला नाही तर रूटशिवाय डबी सापडत नाही. ही दोन कामं कळली नाहीत म्हणून माझ्या ओळखीतल्या दोघांनी चांगल्या डब्या "बंद आहेत" म्हणून बाजूला टाकल्या होत्या. या डब्या मोठ्या कंपनीच्या अ‍ॅनालायझरचा ओळख क्रमांक लावून येतात आणि त्यांचं सॉफ्टवेअरही चालतं असं दुकानात सांगतात. ते मी वापरत नाही. दुसऱ्याने मेहनतीने बनवलेलं सॉफ्टवेअर नकली डबीवर चालवणं मला पटत नाही, आणि सिगरॉक असताना त्याची गरजही पडत नाही.

मला मिळालेल्या पहिल्या नगाचा चौथा चॅनेल मेलेला होता. दुकानदाराने न कुरकुरता बदलून दिला, पण तो मेलेला आहे हे कळायला माझा अर्धा दिवस गेला. म्हणून घरी आणल्या आणल्या एक करा: मायक्रोकंट्रोलरच्या एका पिनवर एक किलोहर्ट्झचा चौकोनी सिग्नल काढा आणि ती एकच वायर आठही चॅनेलना एकामागून एक लावून बघा. पाच मिनिटं लागतात.

आता ज्या कामात या डबीने स्वतःची किंमत कैक पटींनी वसूल करून दिली, त्याबद्दल.

मी ज्या छोट्या कंपनीत आहे तिथे आम्ही डिझेल जनरेटरसाठी डेटालॉगर बनवतो. इंजिनाचा कंट्रोलर जे१९३९ ही इंजिनांची संदेश-भाषा बोलतो, आणि तिच्याखाली असते कॅन बस, म्हणजे सगळी उपकरणं ज्यावर बोलतात ती दोन तारांची जोडी, सेकंदाला २५० किलोबिट. आमचा डबा ती बस ऐकतो आणि फेरे, पाण्याचं तापमान, ऑइलचा दाब नोंदवून ठेवतो. डब्यात एसटीएम३२एफ१०३ आहे आणि कॅनसाठी वेगळी मायक्रोचिप कंपनीची एमसीपी२५१५ चिप, एसपीआयवर, म्हणजे दोन चिपांनी चार तारांवरून बोलायच्या पद्धतीवर. एफ१०३मध्ये कॅन असताना वेगळी चिप कशाला, असं जाणकार विचारतील. त्या मायक्रोकंट्रोलरमध्ये कॅन आणि यूएसबी दोघं एकच ५१२ बाइटची मेमरी वाटून घेतात, दोन्ही एकदम चालत नाहीत. आम्हाला नोंदी काढून घ्यायला यूएसबी हवंच होतं.

गेल्या द्राक्ष हंगामात पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे एका कोल्ड स्टोरेजमध्ये आमचा डबा बसवला होता. फेब्रुवारी-मार्च म्हणजे तिथे निर्यातीची द्राक्षं शीतगृहात भरलेली असतात, वीज गेली तर जनरेटर लगेच उचलला पाहिजे, आणि तो नीट उचलला की नाही हे मालकांना मोबाइलवर दिसायला हवं. दोन आठवडे सगळं ठीक चाललं. मग तिथल्या ऑपरेटर काकांचा फोन आला: "मॅडम, इंजिन तर चालू हाये. तुमचा डबाच मुका झालाय." डब्यावरचं घड्याळ पुढे सरकत होतं, बटणं चालत होती, पण फेरे शून्यावर. वीज काढून परत लावली की ठीक. आठवड्यात तिसऱ्यांदा असा फोन आला तेव्हा काकांच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटलं. भरलेल्या शीतगृहाची राखण तो माणूस करत होता, आणि आमचा डबा त्याला खोटं सांगत होता.

प्रोग्राम अडकला तर डबा परत सुरू करणाऱ्या वॉचडॉगने रीसेट का केलं नाही? कारण मुख्य लूप व्यवस्थित फिरत होता आणि वॉचडॉगला वेळेवर थोपटत होता. लॉगमध्ये काय होतं? काहीच नाही. पुण्यात टेबलावर तोच डबा आठ दिवस अखंड चालवला, एकदाही अडकला नाही. शेवटी लॅपटॉप, ही डबी आणि वायरींची पिशवी घेऊन पहाटे निघाले.

जोडणी अशी केली. चॅनेल शून्य ते तीन एसपीआयच्या चार तारांवर: सीएस (चिप निवडायची), क्लॉक, मोझी (चिपकडे जाणारी), मिसो (चिपकडून येणारी). चौथा एमसीपी२५१५च्या इंट पिनवर, जी खाली ओढून चिप मायक्रोकंट्रोलरला "इकडे बघ" असा इंटरप्ट देते. पाचवा ट्रान्सीव्हरच्या (कॅनच्या दोन तारा आणि ही चिप यांच्यामधल्या दुव्याच्या) आरएक्स पिनवर. कॅन-हाय किंवा कॅन-लो या बसच्या तारांवर ही डबी कधीही थेट लावू नका. तिथली पातळी तिच्या कामाची नाही आणि बफर उडायची भीती. ट्रान्सीव्हरच्या अलीकडे, लॉजिकच्या बाजूलाच लावायचं. लॅपटॉपचा चार्जर काढून टाकला, कारण डबीत आयसोलेशन नाही. तिचं ग्राउंड म्हणजे लॅपटॉपचं ग्राउंड, आणि जनरेटरच्या पॅनेलमध्ये चार्जरमधून लूप तयार करणं म्हणजे संकटाला आमंत्रण.

पहिल्याच कॅप्चरमध्ये डबीची मर्यादा दिसली. आमचा एसपीआय ९ मेगाहर्ट्झवर होता. २४वर नमुने घेतले तरी एका क्लॉकमागे तीनही नमुने पडत नाहीत, आणि पल्सव्ह्यूचा डिकोडर भलतेच बाइट दाखवायला लागला. एका क्लॉकमागे निदान चार नमुने हवेत, पाच-सहा असतील तर निर्धास्त. फर्मवेअरमध्ये विभाजक बदलून एसपीआय २.२५ मेगाहर्ट्झवर आणला, तेव्हा १२ मेगाहर्ट्झवरही प्रत्येक बाइट स्वच्छ वाचता आला. दहा मेगाहर्ट्झची एसपीआय तशीच बघायची असेल तर ही डबी तुमच्यासाठी नाही, थोडे जास्त पैसे घाला.

दुसरी अडचण ट्रिगरची, म्हणजे कॅप्चर कधी पकडायचं ते सांगायची. मला "इंट पिन बराच वेळ खाली राहिली तर थांब" असं सांगायचं होतं. पल्सव्ह्यूमध्ये कडेवर (सिग्नल बदलतो त्या क्षणी) किंवा पातळीवर ट्रिगर लावता येतो, किती वेळ ते सांगता येत नाही. म्हणून फर्मवेअरमध्ये चार ओळी टाकल्या: मुख्य लूपला इंट पिन वीस मिलिसेकंदांपेक्षा जास्त काळ खाली दिसली, तर एक मोकळी पिन वर कर. ती पिन सातव्या चॅनेलला लावली, तिच्या चढत्या कडेवर ट्रिगर ठेवला आणि ट्रिगरच्या आधीचे नमुने राखून ठेवायला सांगितलं. ही युक्ती लक्षात ठेवा. स्वस्त अ‍ॅनालायझरची अक्कल कमी पडते तिथे आपल्या मायक्रोकंट्रोलरची अक्कल वापरता येते.

मग वाट पाहणं आलं. काकांनी चहा दिला, दुपारी मेन बंद करून जनरेटर स्वतः पाच-सहा वेळा चालू-बंद करून दाखवला. इंजिन १५०० फेऱ्यांवर स्थिर झालं की पाचव्या चॅनेलवर फ्रेमा, म्हणजे कॅनवरचे एकेक संदेश, येताना दिसायच्या. कॅन डिकोडर लावला की जे१९३९ची इंजिन-वेगाची फ्रेम थेट वाचता येते: चौथा आणि पाचवा बाइट ई०, २ई (हे आणि पुढचे ८०, ए३, २३ असे बाइट सोळाच्या पायाच्या हेक्स आकड्यांत आहेत). उलटे करून २ईई०, म्हणजे १२०००, त्याला आठाने भागलं की १५००. इंजिनाच्या मेंदूतला आकडा असा उघड्या डोळ्यांनी तारेवर दिसला की मला अजूनही हरखून जायला होतं.

सहाव्या स्टार्टला ट्रिगर पडला.

मी मागे सरकत गेले. पाचव्या चॅनेलवर एक फ्रेम सुरू झाली होती आणि अर्ध्यावर तुटली होती. स्टार्टर फिरताना बॅटरीचा व्होल्टेज बसतो, बहुधा त्याच क्षणी. फ्रेम तुटल्यावर सलग सहा बिट खाली, म्हणजे २४ मायक्रोसेकंद: हा कॅनचा एरर फ्लॅग, "ही फ्रेम बिघडली" असं बसवर सगळ्यांना सांगणारा. त्याच्या पाठोपाठ चौथ्या चॅनेलवर इंट खाली आली. आमचा हँडलर, म्हणजे इंटरप्ट आला की चालणारा कोड, लगेच जागा झाला: सीएस खाली, मोझीवर ०३, मग २सी, म्हणजे "कॅनइंटएफ रजिस्टर (चिपमधली एका बाइटची नोंदीची जागा) वाचून दे". मिसोवर तिसऱ्या बाइटला उत्तर आलं: ८०. सीएस वर. अकरा मायक्रोसेकंदांचा सगळा कारभार.

आणि मग काहीच नाही. इंट खालीच. पुढच्या फ्रेमा येत राहिल्या, एसपीआयच्या चारही तारा सपाट. वीस मिलिसेकंदांनी माझी धोक्याची पिन वर गेली.

कॅनइंटएफमध्ये आठ फ्लॅग, म्हणजे काय घडलं ते सांगणारे बिट, असतात. खालचे दोन फ्रेम आल्याचे, पुढचे तीन फ्रेम पाठवून झाल्याचे, मग एक सर्वसाधारण एररचा, एक झोपेतून जागं होण्याचा आणि सगळ्यात वरचा, सातवा, "मेसेज एरर"चा. ८० म्हणजे फक्त तोच वरचा बिट. आमचा हँडलर पहिले दोन आणि सर्वसाधारण एरर एवढेच पाहायचा. बाकी काही दिसलं तर परत फिरायचा. त्याने ८० वाचलं, त्यात आपल्या ओळखीचं काही नाही म्हणून तो शांतपणे निघून गेला. फ्लॅग पुसला नाही, म्हणून चिपने इंट वर सोडली नाही. आणि एसटीएम३२एफ१०३मधला बाहेरच्या पिनांचा इंटरप्ट फक्त कडेवर चालतो, पातळीवर नाही. इंट एकदा खाली बसली की नवी उतरती कड नाही, कड नाही तर इंटरप्ट नाही. डबा कायमचा बहिरा. मुख्य लूप मात्र मजेत.

पण तो बिट इंटला खाली ओढत होता तरी का? एमसीपी२५१५मध्ये फ्लॅग तसे लागत राहतात, पण इंट पिन खाली येते ती कॅनइंटई या दुसऱ्या रजिस्टरमध्ये परवानगी दिलेल्या फ्लॅगसाठीच. तिथे आम्ही ए३ लिहिलं होतं. म्हणजे फ्रेम आल्याचे दोन, एरर, आणि वरचा मेसेज एररही. चिपच्या डेटाशीटमध्ये (माहितीपत्रकात) स्पष्ट लिहिलंय की मेसेज एररचा इंटरप्ट मुख्यतः बॉड रेट (बसचा वेग) शोधण्यासाठी आहे: चिप फक्त-ऐकण्याच्या मोडमध्ये ठेवायची, एकेक वेग लावून पाहायचा आणि ज्या वेगावर हा बिट लागत नाही तो वेग बरोबर. आमच्याच पूर्वीच्या एका आवृत्तीत बसवताना वेग आपोआप ओळखायची सोय होती. ती काढली, ए३ मात्र राहिलं. टेबलावर फ्रेमा कधी तुटत नव्हत्या, म्हणून पुण्यात ते कळायची शक्यताच नव्हती.

सोपा उपाय समोर होता: ए३चं २३ करा, वरचा बिट बंद, विषय संपला. मी तो तिथे बसून पाच मिनिटांत केलाही, कारण द्राक्षं थांबत नाहीत. पण परत येताना मनाला लागून राहिलं की हा उपाय चुकीच्या जागी आहे. तो बिट आम्हाला खरी गोष्ट सांगत होता, फ्रेमा तुटताहेत ही. आणि उद्या दुसऱ्या कुठल्या कारणाने दुसरा अनोळखी बिट लागला तर डबा परत बहिरा होणार. दोष परवानगीत होता तसाच हँडलरच्या शेवटच्या ओळीतही होता, जिथे "ओळखीचं नाही" याचा अर्थ "काही झालं नाही" असा घेतला होता.

नवा हँडलर लिहायला दोन आठवडे लागले, आणि प्रत्येक पायरी याच डबीवर तपासली. ज्यांना असं काही लिहायचं आहे त्यांच्यासाठी महत्त्वाचं सांगते.

फ्रेम आल्याचे दोन फ्लॅग हाताने पुसायचे नाहीत. बफर वाचायची खास आज्ञा वापरली तर सीएस वर जाताच चिप स्वतःच तो फ्लॅग पुसते. त्यानंतर आपण पुन्हा पुसला आणि मधल्या क्षणात नवी फ्रेम आली असेल, तर तिचाच फ्लॅग पुसला जातो आणि फ्रेम हरवते. आमचा जुना कोड नेमकं हेच करत होता. अ‍ॅनालायझरवर वाचन आणि पुसणं यांच्यामध्ये सोळा मायक्रोसेकंदांची फट दिसली. २५० किलोबिटला एक फ्रेम साधारण अर्धा मिलिसेकंद घेते, त्यामुळे त्या फटीत पडणारी फ्रेम क्वचितच. पण क्वचित म्हणजे कधीच नाही असं नव्हे.

बाकीचे फ्लॅग पुसताना रजिस्टरमध्ये सरळ लिहायचं नाही, बिट-मॉडिफाय ही आज्ञा वापरायची आणि मुखवट्यात (कुठले बिट बदलायचे ते सांगणाऱ्या मास्कमध्ये) फक्त आपण वाचलेले बिट ठेवायचे. डेटाशीटही हेच सांगते. सरळ लिहिलं तर वाचण्याच्या आणि लिहिण्याच्या मधे लागलेला फ्लॅग आपण न पाहताच मारून टाकतो. सर्वसाधारण एरर असेल तर आधी ईफ्लॅग रजिस्टर वाचायचं, बफर भरून वाहिल्याचे वरचे दोन बिट तिथे पुसायचे, मग फ्लॅग. ते दोन बिट चिप स्वतःहून कधीच पुसत नाही.

आणि मग जे उरलं ते. वाचलेल्या बिटांतून ओळखीचे वजा करायचे. जे शिल्लक राहील त्याची बिटवार मोजणी ठेवायची, पहिल्यांदा दिसलं तर वेळेसकट एक नोंद करायची आणि पुसायचं. प्रत्येक वेळी नोंद नाही करायची, नाहीतर फ्लॅश त्यानेच भरेल. एकच अनोळखी बिट सेकंदात शंभरावर वेळा आला तर तेवढ्या एका बिटची परवानगी काढून घ्यायची आणि मालकांच्या अहवालात तसं लिहायचं. लिनक्सचं कर्नलही आपल्या परीने असंच करतं. एका इंटरप्ट रेषेवरच्या १,००,००० पैकी ९९,९०० इंटरप्टना कोणत्याच ड्रायव्हरने "माझा" म्हटलं नाही, तर ते "नोबडी केअर्ड" असा संदेश लिहून ती रेषाच बंद करतं. तिथे रेषा वाटून घेतलेली असेल तर शेजारचं उपकरणही बंद पडतं. आमच्याकडे एका बिटवर थांबता येतं हे आमचं नशीब.

हे सगळं एका फेरीत संपवायचं नाही. कॅनइंटएफ पुन्हा वाचायचं, परवानगी असलेला एकही फ्लॅग उरला नाही तरच बाहेर पडायचं. कड-इंटरप्ट असेल तर हे सक्तीचंच. फेऱ्यांना मर्यादा मात्र हवी, आम्ही आठ ठेवली. आठनंतरही पिन खाली असेल तर मुख्य लूपला सांगायचं आणि त्याने उचलायचं. मुख्य लूप आता दर दहा मिलिसेकंदांनी इंट पिन स्वतः पाहतो. एखादी कड हुकली तरी डबा बहिरा राहत नाही.

एक गोष्ट टेबलावर अचानक कळली. हँडलर तपासताना एमसीपी२५१५च्या छोट्या पाटीचा (सर्किट बोर्डचा) कनेक्टर मी चालू असताना उपसला. डब्याने फेरे दाखवले: ८१९१.८७५. काय झालं ते पल्सव्ह्यूवर लगेच दिसलं. मिसोवर पुल-अप (मोकळी तार वर ओढून धरणारा रेझिस्टर) आहे, चिप गायब झाल्यावर प्रत्येक वाचन एफएफ. आठही फ्लॅग लागलेत असं समजून हँडलरने दोन फ्रेमा "वाचल्या", त्याही एफएफने भरलेल्या, आणि ६५५३५ला आठाने भागून आकडा दाखवला. बरं झालं हे टेबलावर घडलं. आता सगळे बिट लागलेले दिसले की आधी कॅनस्टॅट रजिस्टर वाचतो. त्यातले दोन बिट, शून्यावा आणि चौथा, चिपमध्ये नाहीतच, ते नेहमी शून्य वाचले जातात. तिथेही एफएफ आलं तर समोर चिप नाही हे नक्की. पीसीआय कार्डांच्या ड्रायव्हरमध्येही हाच बचाव असतो. स्टेटसचे सगळे बिट एक वाचले गेले तर कार्ड काढलेलं आहे असं समजून ते हात आखडता घेतात.

नवं फर्मवेअर एप्रिलमध्ये पिंपळगावला चढवलं, मेसेज एररची परवानगी मुद्दाम परत चालू करून. पहिल्या आठवड्याच्या मोजणीत दर स्टार्टला तो बिट बारा-पंधरा वेळा. एक-दोन समजू शकले असते, एवढे नाही. काकांना फोनवर सांगितलं की जनरेटर पूर्ण बंद असताना, बॅटरी काढून, कॅन-हाय आणि कॅन-लोमध्ये मल्टीमीटरने ओहम मोजा. दोन टोकांना १२०-१२० ओहमचे टर्मिनेटर (बसच्या टोकाचे रेझिस्टर) असतील तर ६० यायला हवेत. काका म्हणाले, "एकशे एकोणीस दाखवतंय." एका टोकाचा रेझिस्टर कधी बसवलाच नव्हता. तो बसवल्यापासून मोजणी दर स्टार्टला शून्य किंवा एक. ज्या बिटाने आम्हाला तीन वेळा बहिरं केलं, त्यानेच बसमधला खरा दोष दाखवून दिला. मी तो मार्चमध्ये २३ लिहून कायमचा बंद ठेवला असता तर त्या केबलवर फ्रेमा आजही तुटत राहिल्या असत्या.

परत डबीकडे. वर्षभरात तिच्याबद्दल ज्या तक्रारी जमल्या त्या अशा. सोबत येणाऱ्या वायरी वाईट आहेत. मादी टोकं सैल होतात आणि हलवलं की खोट्या कडा दिसतात. दीडशे रुपयांत चांगले हूक-क्लिप वेगळे घ्या, हा खर्च टाळू नका. मिनी यूएसबीचं तोंड दर दोन-तीन महिन्यांनी ढिलं पडतं, मी त्याला आतून सोल्डरचा आधार दिला. इनपुटवर संरक्षण नावापुरतंच आहे. ५ व्होल्टच्या वर काही लागलं तर भरवसा नाही, १२ व्होल्टच्या पॅनेलमध्ये दोनदा विचार करून वायर लावा. हिला फक्त शून्य आणि एक कळतं. सिग्नल गोल झालाय, बसलाय, डचमळतोय हे काही दिसणार नाही, त्यासाठी ऑसिलोस्कोपच हवा. त्या १२० ओहमच्या प्रकरणात ऑसिलोस्कोपवर परतून येणाऱ्या लाटा दिसल्या असत्या. डबीला दिसल्या त्या फक्त तुटलेल्या फ्रेमा. पूर्ण वेगाने लांब कॅप्चर करायचं तर लॅपटॉपच्या मेमरीचा अंदाज आधी घ्या: एका मेगाहर्ट्झलाही तासाला ३.६ गिगाबाइट.

तरीही फर्मवेअर लिहिणाऱ्या प्रत्येकाने, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींनीसुद्धा, ही डबी घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. डीबगर तुमच्या प्रोग्रामला काय वाटतं ते दाखवतो, आणि प्रिंट केलेल्या ओळी तुम्ही आधीच कल्पना केलेल्या गोष्टीच दाखवतात. तारेवर मात्र चिपने दिलेलं पूर्ण उत्तर असतं, आठच्या आठ बिट, तुम्ही त्यातले कुठले फेकून दिले त्यासकट. "मिसोवर ८० आलं आणि नंतर शांतता" हे दिसलं नसतं तर आम्ही अजून पॉवर सप्लाय बदलत बसलो असतो.

ऑगस्टमध्ये दुसरी डबी घेतली, त्याच दुकानातून. आठही चॅनेल दुकानात तपासूनच बाहेर पडले. ती पिंपळगावच्या पॅनेलच्या खालच्या कप्प्यात प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली आहे, सहा वायरी कुठे लावायच्या त्याचा कागद सोबत. काकांनी कागदावर पेनने प्रत्येक वायरीचा रंग लिहून घेतलाय.